ओटीपी कुणालाच दिला नव्हता, तरी अकाउंट गेलं

पहिल्यांदा हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तोच प्रश्न डोक्यात राहायला नको. मी कुणाला ओटीपी दिला नव्हता, कसल्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं, पासवर्ड चांगला लांबलचक होता आणि जीमेल, इन्स्टा दोन्हीला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू होतं. तरी डिसेंबर 2024 मधे माझं जीमेल आणि धंद्याचं इन्स्टा पेज एका संध्याकाळी गेलं, आणि त्यानंतर पार सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा येईपर्यंत त्या हॅकरनं आमच्या घराला धड झोपू दिलं नाही. या सगळ्या काळात जो भेटला त्यानं पहिलं वाक्य हेच टाकलं, "दिला असणार बघा ओटीपी कुणालातरी, आठवा नीट." नातेवाईक तेच, पोलीस ठाण्यात तेच, बँकेतही तेच. इतकं वाईट वाटायचं ना, की एक तर त्रास सोसायचा आणि वर स्वतःच गुन्हेगार असल्यासारखं उत्तरं देत बसायचं. म्हणून सविस्तर लिहितेय, जिला कुणाला अशी वेळ येईल तिला उपयोग होईल.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घराच्या मागच्या शेडमधे कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा आहे, शाळू मंगळवेढ्याकडचा, चटणी उखळातच कुटलेली, बचत गटातल्या बायका कामाला येतात. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईकडचं, म्हणजे मूळचे सोलापूरचेच पण नोकरीपायी बाहेर गेलेले, त्यांना घरची चव लागते. ऑर्डर इन्स्टावर येते, पैसे यूपीआयवर, पार्सल कुरिअरनं जातं. संक्रांतीच्या आधीचा महिना म्हणजे आमचा सगळ्यात जोराचा सीझन, आणि नेमकं तेव्हाच हे झालं.

संध्याकाळी फोनवर जीमेल म्हणायला लागलं परत साइन इन करा. पासवर्ड टाकला, चुकीचा. परत टाकला, चुकीचा. तेवढ्यात नवी मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा फोन आला, "अहो ताई, तुमच्या ऑफरचे चोवीसशे रुपये पाठवले, पण क्यूआरवर नाव भलतंच कुणाचंतरी येतंय, असं कसं?" मी म्हटलं कसली ऑफर? इन्स्टा उघडलं तर मीच बाहेर फेकली गेलेली. नवऱ्याच्या फोनवरून पेज बघितलं, तर स्टोरीत माझा फोटो, माझ्याच भाकऱ्यांचा फोटो, खाली "संक्रांत स्पेशल, अर्ध्या किमतीत, आजच पैसे भरा" आणि एक क्यूआर. हातपायच गळाले. चार वर्षं एकेक गिऱ्हाईक जोडलेलं आणि तो माझ्या नावानं त्यांनाच लुटत होता.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे इथंच, त्याला बोलावून घेतलं. तो आला आणि त्यानं पहिलं काम काय केलं तर आतल्या खोलीतल्या बिलिंगच्या लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. मी म्हणतेय अरे आधी इन्स्टा परत मिळव, लोकांचे पैसे चाललेत, तर तो म्हणाला, "काकू, इन्स्टा नंतर. आधी ईमेल. ईमेल त्याच्या हातात आहे तोवर तुम्ही इन्स्टाचा पासवर्ड दहा वेळा बदलला तरी रीसेटची मेल त्यालाच जाणार." हे तेव्हा पटलं नव्हतं, आता शंभर टक्के पटतं. सगळ्या अकाउंटची किल्ली ईमेलमधे असते, बँकेचं स्टेटमेंट, इन्स्टा, फेसबुक, कुरिअरचं खातं, सगळ्याचा रीसेट तिथंच येतो. आणि दुसरी गोष्ट त्यानं निक्षून सांगितली की लॅपटॉपवर काहीही टाइप करायचं नाही, पासवर्ड बदलायचा तो फोनवरूनच, कारण लॅपटॉपमधे काही बसलेलं असेल तर नवा पासवर्डही लगेच त्याच्याकडे जाईल.

जीमेलच्या रिकव्हरीबद्दल दोन गोष्टी माहीत असणं फार गरजेचं आहे. एक म्हणजे रिकव्हरी नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि घरच्याच वायफायवरून करायची. घाबरून लोक सायबर कॅफेत जातात, नाहीतर मित्राच्या ऑफिसात जातात, तिथून केलं की गूगलला तुम्हीच परके वाटता. दुसरं म्हणजे, हॅकरनं रिकव्हरीचा मोबाइल नंबर बदलला असला तरी सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड मागवायचा पर्याय मिळू शकतो. त्यानं माझा नंबर काढून स्वतःचा टाकला होता, पण जुन्या नंबरचा पर्याय दिसला, कोड आला, आणि रात्री उशिरा का होईना जीमेल परत हातात आलं. एक आठवडा "बघू, बघू" करत बसलो असतो तर हा दरवाजा बंद झाला असता.

जीमेल मिळाल्यावर मला वाटलं चला सुटलो. पुतण्या म्हणाला थांबा, सेटिंगमधे जाऊ. तिथं फिल्टर म्हणून एक भाग असतो, मी आयुष्यात कधी उघडला नव्हता. त्यात एक ओळ होती. ज्या मेलमधे इन्स्टाग्राम, सिक्युरिटी किंवा पासवर्ड हे शब्द असतील ती मेल इनबॉक्सला न येता वाचली म्हणून खूण करून सरळ ट्रॅशमधे टाकायची. म्हणजे त्यानं आधी हे जाळं लावलं आणि मगच इन्स्टाला हात घातला, त्यामुळे "तुमचा ईमेल बदलला जातोय" ही सूचना माझ्यापर्यंत आलीच नाही. त्याच पानाशेजारी फॉरवर्डिंगमधे एक अनोळखी पत्ता, माझ्या प्रत्येक मेलची कॉपी तिकडे जात होती. हे दोन्ही काढलं नसतं तर पासवर्ड बदलूनही सगळं त्याला दिसतच राहिलं असतं. मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट, रिकव्हरी नंबर परत माझा, जुने बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना टू-स्टेपला वापरायचे कोड, रद्द करून नवे दहा कोड काढले आणि ते वहीत लिहून कपाटात ठेवले.

ट्रॅशमधे मेल 30 दिवस राहते, त्याचा फायदा झाला. त्या कचऱ्यात इन्स्टाग्रामची सगळी पत्रं पडलेली होती, वेळेसकट, किती वाजता ईमेल बदलला, किती वाजता फोन नंबर बदलला. हेच पुढं पोलिसांना कामाला आलं.

आता तो आत आला कसा, ते. आमच्या लॅपटॉपवर बिलिंगचं सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवाल्यानं बसवून दिलं होतं, पूर्ण किंमत घेऊन, बिलासकट. ते निघालं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरटी कॉपी. त्यासोबत एक चोरटा प्रोग्रॅम आला होता जो ब्राउझरमधे सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून बाहेर पाठवतो. कुकी हा प्रकार मला तेव्हा समजला. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी टाकून आत गेलो की साइट ब्राउझरला एक खूणचिठ्ठी देते, म्हणजे परत परत विचारायला नको. देवळाबाहेर चप्पल ठेवून मिळालेलं टोकन दुसऱ्यानं पळवलं की त्याला नाव कोण विचारतंय, टोकन दिलं की चप्पल मिळते, तसंच हे. तो माझी खूणचिठ्ठी घेऊन आत गेला, त्याला ना पासवर्ड लागला ना ओटीपी. म्हणूनच "ओटीपी दिला असणार" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. टू-स्टेप लावाच, त्यानं बाकीचे चोर अडतात, पण टू-स्टेप होतं म्हणजे बाईचीच चूक असणार असा अर्थ कुणी काढू नका.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे मेसेज सुरू झाले. अनोळखी नंबर, व्हॉट्सॲप, डीपीला माझाच फोटो, आणि हिंदीत, "पेज वापस चाहिए तो बीस हजार." मी काहीच लिहिलं नाही तर तासाभरानं, "पंधरा." मग "दस में फाइनल." मग शिव्या. घरात दोन मतं. दिरांचं म्हणणं दहा देऊन टाका, सीझनमधे त्याहून जास्त नुकसान होतंय. नवरा म्हणाला एक रुपया द्यायचा नाही, आज दहा दिले की उद्या वीस मागणार. माझा जीव मात्र वर-खाली, वाटायचं दोन शब्द सुनवावेत त्याला, विचारावं तुला आईबहीण नाही का. पण पुतण्यानं सांगितलं होतं, उत्तर दिलं की त्याला कळतं की समोरचं माणूस ऐकतंय, मग तो सोडत नाही. ब्लॉकही लगेच करायचं नाही, आधी सगळं जपून ठेवायचं. मी फोन म्यूट करून टाकला आणि रोज रात्री एकदा उघडून स्क्रीनशॉट घ्यायचे, नंबर, तारीख, वेळ दिसेल असे.

आपण गप्प बसलो की हा कंटाळेल असं वाटलं होतं. तो कंटाळला नाही, चिडला. जीमेलला जोडलेले कॉन्टॅक्ट आणि गूगल फोटो, दोन्ही त्यानं आधीच उतरवून घेतले होते. माझा एक घरगुती फोटो घेऊन त्यावर घाणेरडं काम केलं, चेहरा माझा आणि खालचं सगळं बनावट, आणि आधी तो मलाच पाठवला, "कल सुबह तक पैसा, नहीं तो सबको." त्या रात्रीचं काय सांगू. शेडमधे जाऊन एकटीच बसले होते. माहेरी वडील आहेत, मुलीच्या शाळेतल्या बायकांचा ग्रुप आहे, कुरिअरची पोरं आहेत, कुणाकुणाला जाणार हे, उद्या नवी पेठेत कुणासमोर उभं कसं राहायचं.

शेजारच्या अक्का आल्या. त्या पद्मशाली, वयानं मोठ्या, यंत्रमागावर आयुष्य गेलं त्यांचं, मोबाइलमधलं त्यांना फारसं कळत नाही. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग तू कशाला लपवालालीस गं? चोरी तू केलीस का?"

त्या एका वाक्यानं मला जे सुचलं ते कुठल्या तज्ज्ञानं सांगितलं नसतं. त्याच्या हातात होतं काय? फोटो तर खोटाच होता. माझी भीती तेवढी खरी होती, तेवढ्यावरच तो पैसे मागत होता. मग तो उद्या सकाळी सांगणार तर मी आत्ता रात्रीच सांगते. आधी नवऱ्याला, मग सासूबाईंना, मग वडिलांना फोन. वडिलांना सांगताना शब्द फुटत नव्हता, ते एवढंच म्हणाले, "बाळा, जेवलीस का?" मग व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं आणि सगळ्या ग्रुपवर टाकलं. शब्द असे होते: माझं इन्स्टा हॅक झालंय. माझ्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पैसे घेण्यासाठी मला धमक्या येतायत, माझ्या फोटोवर घाणेरडं काम करून तो लोकांना पाठवायची धमकी आहे, तो फोटो बनावट आहे. तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, डिलीटही करू नका, कुठल्या नंबरवरून किती वाजता आला तेवढं मला कळवा, पोलिसांना द्यायचंय.

सकाळी त्यानं खरंच पाठवला. बऱ्याच जणांना. सासूबाईंना पण. त्यांनी चष्मा लावून फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगं गळ्यापर्यंत बारशातला फोटो हाय की हा. कानातल्या कुड्या बघ, मानेजवळ इरकलीचा काठ राहिलाय बघ थोडा. मीच काढलेला फोटो. ह्या मुडद्याला काय माहिती." आणि खरंच, खांद्याच्या जरा वर काठाची एक लाल रेघ राहून गेली होती, मला दिसली नव्हती. त्यांनी अल्बममधला मूळ फोटो काढून दिला, तो पण पुराव्यात लागला. लोकांचे फोन आले ते सगळे धीर द्यायला. शाळेच्या ग्रुपवरच्या एका आईनं लिहिलं, मला आलाय, नंबर आणि वेळ घ्या. दुसरीनं लिहिलं, मला पण. दुपारपर्यंत माझ्याकडे नंबरांची यादी झाली. एक-दोन पुरुष नातेवाइकांनी मात्र "फोटो नेमका कसला आहे, बघू तरी" असं विचारलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही.

पोलिसांचं सांगते. पहिल्या ठिकाणी गेलो तिथं टेबलावरच्या माणसानं ऐकून घेतलं आणि "हे सायबरचं आहे, आमच्याकडे होत नाही, अर्ज ठेवून जा" म्हणाला. नंतर कळलं की असं परत पाठवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून जे नवे कायदे आले त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मधे स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येतो असा) असेल तर माहिती नोंदवून घ्यायचीच, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे तोंडपाठ असतं तर तिथंच सांगितलं असतं. घरी येऊन 1930 ला फोन लावला आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरली. 1930 मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथं जितक्या लवकर फोन तितकं बरं, कारण पैसे ज्या खात्यात गेलेत तिथं ते अडवून ठेवता येतात, एकदा एटीएममधून निघाले की संपलं. पण हे लक्षात ठेवा, पैसे ज्याचे गेले त्यानं स्वतः तक्रार करायची. नवी मुंबईच्या ताईंचे पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते, त्यांना मी त्याच संध्याकाळी 1930 ला फोन करायला लावला होता, त्याचा फायदा पुढं दिसला. पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते, पण मी नाव देऊनच केली, कारण नाव न देता केली की पुढं तुमच्याशी कुणी बोलणार कसं.

पोर्टलचा पावती क्रमांक घेऊन मग सायबरच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. तिथं एक मॅडम होत्या, त्यांनी ओटीपीचा ओ पण काढला नाही. थेट विचारलं, "ताई, काय काय जपून ठेवलंय?" इतकं बरं वाटलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. पेजचं नाव लिहून भागत नाही, कारण हॅकर नाव बदलत राहतो, माझ्या पेजचं नाव त्यानं तोवर बदलून काहीतरी क्रिप्टोचं केलं होतं. पण आतला आकडी आयडी बदलत नाही, म्हणून पेजची लिंक, जुनी स्टोरी, जुने मेसेज जे मिळेल ते द्या. स्क्रीनशॉटसोबत स्क्रीन रेकॉर्डिंग पण करा, नंबरावर बोट ठेवून प्रोफाइल उघडून दाखवणारं. फोनमधलं मूळ चॅट पुसू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आधीच्या कायद्यात ते 65 ब होतं. त्याचा नमुना त्यांच्याकडेच होता. कंपन्यांकडून लॉगिनचे आयपी पत्ते मागवायचं काम पोलिसांचं, पण त्यासाठी अचूक वेळ लागते, आणि ती वेळ त्या ट्रॅशमधल्या मेलांवर होती.

गुन्हा नोंदवला गेला. आयटी कायदा 2000 चं 66 सी, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 66 डी, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. 67, अश्लील मजकूर पाठवणं. जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं 78 पाठलागाचं, ऑनलाइन माग काढणंही त्यात येतं, आणि 351 धमकीचं. मॅडमनी असंही सांगितलं की आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, म्हणून कधी कधी चालढकल होते, पण नोंद करायला ते कारण चालत नाही.

फोटोसाठी दोन गोष्टी केल्या. स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी नावाची साइट आहे, 2021 च्या शेवटी सुरू झालेली. तिथं फोटो अपलोड होत नाही, आपल्याच फोनमधे त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या त्यात सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो, मग तो फोटो तिथं कुणी टाकला तर ओळखता येतो. बनावट फोटोलाही चालतं. एक केस नंबर आणि पिन मिळतो, तो पिन हरवला तर परत मिळत नाही, लिहून ठेवा. दुसरं, 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि अशा खाजगी किंवा बनावट फोटोची तक्रार स्वतः पीडित माणसानं केली तर त्या वेळच्या नियमात ती 24 तासांत हटवायची मुदत होती. मी नियमाचा उल्लेख करून, लिंक देऊन, एफआयआरची प्रत जोडून लिहिलं. साध्या रिपोर्टच्या बटणापेक्षा असं लिहिलेलं कामाला येतं, हा माझा अनुभव. पुढेही काही झालं नाही तर तक्रार अपील समिती आहे, तिथं 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं, मला तिथवर जावं लागलं नाही.

इन्स्टा पेज परत मिळालं ते व्हिडिओ सेल्फीवर. ट्रॅशमधल्या मेलमधे "हे मी केलं नाही" अशा अर्थाची लिंक होती, त्यानं पासवर्ड बदलता आला, पण हॅकरनं स्वतःचं टू-स्टेप लावून ठेवलं होतं, कोड त्याच्या फोनवर. मग "दुसऱ्या मार्गाने" वर जाऊन चेहरा समोर, डावीकडे, उजवीकडे फिरवून व्हिडिओ पाठवायचा. पेजवर माझे भाकरी थापतानाचे रील होते, चेहरा जुळला. ज्यांच्या पेजवर नुसते मालाचेच फोटो आहेत त्यांना हा मार्ग मिळत नाही, म्हणून धंदेवाल्या बायकांना सांगणं आहे, एखाद-दुसरा स्वतःचा फोटो पेजवर असू द्या. इतक्या वाईट अनुभवानंतरही हे सांगतेय.

ड्राइव्हमधे आधार आणि पॅनचे स्कॅन होते, ती वेगळीच धास्ती. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. सरकारच्या संचार साथीच्या साइटवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं, सगळी आमचीच निघाली. ज्या नंबरांवरून मेसेज येत होते ते तिथंच चक्षू नावाच्या, फसवे कॉल-मेसेज कळवायच्या भागात टाकले. सिबिलचा रिपोर्ट काढून बघितला, कुणी माझ्या नावानं कर्ज तर उचललं नाही ना, आणि अजूनही मधून मधून बघते. लॅपटॉप सगळा पुसून नव्यानं विंडोज टाकली, आणि ब्राउझरमधे पासवर्ड ठेवणं बंद.

त्याचा त्रास मात्र पेज मिळाल्यावर लगेच थांबला नाही. रात्री दोन-अडीचला मिस्ड कॉल. माझा नंबर कुठकुठल्या साइटवर टाकून ओटीपींचा पाऊस पाडायचा. माझ्या नावाचं नवं खोटं पेज काढून गिऱ्हाइकांना मेसेज, की भाकरीत अळ्या निघाल्या. प्रत्येक वेळी तेच, जपून ठेवायचं, रिपोर्ट करायचं, मॅडमना पाठवायचं, आणि उत्तर द्यायचं नाही. गिऱ्हाइकांना मी पेजवर स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन सगळं सांगितलं, शेडमधूनच, मागं बायका भाकऱ्या वाळत घालतायत असं. त्यावर ऑर्डरी उलट परत यायला लागल्या. ज्यांनी त्याच्या क्यूआरवर पैसे भरले त्या प्रत्येकाला आम्ही पार्सल पाठवलं, नवऱ्याचं आणि माझं त्यावर एकमत होतं, लोकांनी विश्वास माझ्या नावावर टाकला होता.

गड्ड्याच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी आम्ही सगळे सिद्धेश्वराला गेलो होतो, संमती कट्ट्याजवळ ही गर्दी, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की दिवसभर एकही मेसेज नव्हता. त्यानंतर तुरळक आले, मग बंदच झाले.

केसचं म्हणाल तर क्यूआर ज्या खात्याचा होता ते दुसऱ्या राज्यातल्या एका पोराचं निघालं, त्यानं थोड्या पैशांसाठी खातं आणि सिम वापरायला दिलं होतं. त्याला नोटीस गेली, जबाब झाला. मेसेज करणारा खरा कोण ते अजून तपासात आहे, मॅडमची बदली झाली, नवीन साहेबांना मी परत पहिल्यापासून सगळी फाइल समजावून दिली. नवी मुंबईच्या ताईंचे पैसे त्या खात्यात अडकवून ठेवले गेले होते, त्यांनी कोर्टात अर्ज केला आणि चोवीसशेपैकी अठराशे त्यांना परत मिळाले. त्यांनी ते लगेच मला पाठवले, पार्सल तर मिळालं होतं म्हणून. मी घेत नव्हते, त्या म्हणाल्या मग त्याची चटणीच पाठवा, आणि पत्ता मैत्रिणीचा दिला.